पोकलेन एका बाजूला ओढतंय, चेन उतरतेय: मोटर खोलण्याआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा. वीस टनी पोकलेन, आवर मीटर 6,400 च्या पुढे गेलेलं. महिन्याभरात डावी चेन तीनदा उतरली आणि तिन्ही वेळा वळताना. सरळ चालवलं तर मशीन डावीकडे ओढतं. चालताना ठरावीक वेळाने ‘खट्’ असा आवाज येतो. एक मेकॅनिक म्हणतो ट्रॅव्हल मोटर, म्हणजे चेन फिरवणारी हायड्रॉलिक मोटर, गेली; दुसरा म्हणतो अख्खं अंडरकॅरेज, म्हणजे चेन आणि तिची सगळी चाकं, बदला. ऐकायचं कोणाचं?

आत्ता तरी दोघांचंही नको. तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारी एकाच दोषाच्या असू शकतात, तशाच तीन वेगळ्या दोषांच्याही असू शकतात. हे एका दिवसात कळतं. त्यासाठी लागतात टेप, पहार, ग्रीस गन, चुन्याची पिशवी आणि जमलं तर इन्फ्रारेड थर्मामीटर. पाना सगळ्यात शेवटी.

सुरुवात बाजू पक्की करण्यापासून करा. वरचा भाग अर्धा फिरला की केबिनमधली डावी बाजू खालच्या उजव्या चेनवर येते आणि पुढे-मागेही उलटं होतं. ऑपरेटर सांगतो ‘डावीकडे ओढतं’, मेकॅनिक खाली जाऊन भलतीच बाजू खोलतो. हे मी अनेकदा पाहिलंय. म्हणून स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, मागे आणि आयडलर, म्हणजे दुसऱ्या टोकाचं बिनदातांचं चाक, पुढे ठेवून उभे राहा, त्या स्थितीतली डावी ती डावी. फ्रेमवर रंगाने ‘डा’ आणि ‘उ’ लिहून टाका. चेन उतरते ती बाजू आणि ओढतं ती बाजू खरंच एकच आहे का, हे तिथेच कळेल.

मग मशीन धुण्याआधी एक फेरी मारा. धुतलं की अर्धा पुरावा वाहून जातो. रोलरच्या, म्हणजे मशीनचं वजन चेनवर पेलणाऱ्या चाकाच्या, टोकाशी ओली, तेलकट धूळ बसली असेल तर आतलं फ्लोटिंग सील, म्हणजे तेल अडवणारी रिंग, गेलंय. शूच्या, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या पट्टीच्या, बोल्टच्या डोक्याभोवती तांबड्या गंजाची कड किंवा चकचकीत घासल्याची रेघ असेल तर तो बोल्ट ढिला आहे, हाताला घट्ट लागला तरी. लिंकच्या पिन बॉसवर, म्हणजे पिन जिथे लिंकमध्ये बसते त्या उंचवट्यावर, चकाकी दिसली तर तिथे जास्त वेळ थांबा. नव्या चेनमध्ये रोलरची कड तिथपर्यंत पोचत नाही. लिंकची धाव, म्हणजे रोलर जिच्यावरून चालतो ती बाजू, आणि रोलर दोन्ही झिजून खाली आले की कड बॉसला ठोकायला लागते. या टप्प्यावर आलेली चेन फार काळ साथ देत नाही. पण अशी चकाकी नसेल तर ‘अख्खं बदला’ म्हणणाऱ्याला माप दाखवायला सांगा.

आता चेनचा ढिलेपणा. बूम आणि आर्म यांच्यात साधारण काटकोन ठेवा, वरचा भाग बाजूला फिरवा, बकेटची गोल पाठ जमिनीला टेकवा आणि त्या बाजूची चेन उचला. दात टेकवू नका. उचलल्यावर फ्रेमखाली ठोकळे लावल्याशिवाय कोणीही आत हात घालायचा नाही. हवेत फिरणारी चेन दगड भिरकावते, तेव्हा चेनच्या पुढे-मागे कोणी उभं नको. काही कंपन्या अशा उचललेल्या स्थितीत फ्रेमच्या तळापासून शूपर्यंतचं लोंबणं मोजायला सांगतात. काही कंपन्या जमिनीवरच, आयडलर आणि टॉप रोलर (वरची चेन पेलणारं चाक) यांच्या मध्ये वरून पट्टी ठेवून खोलगटपणा मोजतात. पहिल्या पद्धतीत आकडा 300 मिलिमीटरच्या घरात जातो, दुसरीत काही सेंटिमीटरच. एका पद्धतीचं माप आणि दुसरीचा आकडा अशी सरमिसळ झाली की चेन तारेसारखी ताणली जाते. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात जी पद्धत असेल तीच वापरा आणि दोन्ही बाजू मोजा. नेहमी चिखलात काम असेल तर त्या चिखलासकट मोजा, कारण स्प्रॉकेटच्या दातांत माती भरली की चेन आपोआप ताणली जाते.

डावी ढिली निघाली तर ॲडजस्टरमध्ये, म्हणजे आयडलरला पुढे ढकलून चेन ताणणाऱ्या सिलिंडरमध्ये, ग्रीस भरून योग्य मापावर आणा, दिवसभर काम करा आणि संध्याकाळी पुन्हा मोजा. पुन्हा ढिली झाली तर ॲडजस्टर सिलिंडरचं सील किंवा निपलखालचा चेक व्हॉल्व्ह ग्रीस सोडतोय. वळताना चेन उतरण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे आणि खर्चालाही फार नाही. मात्र ग्रीस सोडताना तो व्हॉल्व्ह एका फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका आणि तोंड, हात, छाती कधीही त्याच्या समोर ठेवू नका. आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं, सुटलेला व्हॉल्व्ह गोळीसारखा येतो. व्हॉल्व्ह ढिला करूनही ग्रीस आलं नाही तर तो आणखी खोलायचा नाही, मशीन थोडं पुढे-मागे हलवायचं. त्यामागची रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे आयडलरचा धक्का झेलणारी स्प्रिंग, कित्येक टनांच्या ताणाखाली दाबून बसवलेली असते, ती साइटवर खोलण्याचा विचारही करू नका. स्प्रिंग तुटली असेल तर बाहेरून कळतं: ढिलेपणा बरोबर असूनही आयडलर एका बाजूला कललेला दिसतो, किंवा छोट्याशा अडथळ्यावरही तो सहज मागे सरकतो.

आता तो ‘खट्’. आवाजामागे कान लावून धावण्यापेक्षा टेप घेऊन चाला. कडक, सपाट जमिनीवर मशीन कमी स्पीडवर सावकाश पुढे घ्या. एकाने बाजूने, हाताच्या टप्प्यापलीकडून चालायचं आणि दर ‘खट्’ला जमिनीवर चुन्याची चिमूट टाकायची. आठ-दहा खुणा झाल्या की त्यांच्यातलं अंतर मोजा. हे अंतरच तुम्हाला दोषाचा पत्ता देतं.

वीस टनी मशीनचा पिच, म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर, साधारण 190 मिलिमीटर असतो. स्प्रॉकेटला बहुधा 21 दात असतात आणि बुश, म्हणजे पिनवरची नळी, एक सोडून एका खाचेत बसतो. म्हणजे स्प्रॉकेटच्या एका फेऱ्यात साडेदहा लिंका जातात, जमिनीवर सुमारे 2 मीटर. अख्खी चेन 45 ते 49 लिंकांची, एक पूर्ण फेरा साडेआठ ते सव्वानऊ मीटरचा. खालच्या रोलरचा एक फेरा अर्ध्या मीटरच्या आसपास. तुमच्या मशीनचे दात आणि लिंका मोजा, पिच मोजा, हे आकडे स्वतः काढा.

खुणा दर 19 सेंटिमीटरवर पडत असतील तर प्रत्येक लिंक आवाज करतेय, म्हणजे पिच वाढलाय आणि बुश दाताच्या खाचेत नीट न बसता दातावर चढून घसरतोय. अर्ध्या मीटरवर असतील तर एखादा रोलर एका जागी सपाट झालाय. 2 मीटरवर असतील तर स्प्रॉकेटचे बोल्ट, फायनल ड्राइव्हचा, म्हणजे मोटर आणि स्प्रॉकेटमधल्या गिअरबॉक्सचा, बाहेर फिरणारा भाग, नाहीतर आयडलर. आयडलरचा घेर स्प्रॉकेटपेक्षा थोडाच कमी असतो, तेव्हा आवाज पुढून येतो की मागून एवढं नक्की करा. नऊ मीटरवर असतील तर चेनमध्ये एकाच जागी काहीतरी आहे: तडकलेली लिंक, सरकलेली पिन, वाकलेली प्लेट. नऊ मीटरमध्ये दोनदा, एकदा पुढून आणि एकदा मागून आवाज आला तर आखडलेली लिंक शोधा. चेन उचलून हळू फिरवा. आखडलेली लिंक स्प्रॉकेटवरून सुटली तरी सरळ होत नाही, वरच्या बाजूला कोपरासारखी वाकलेलीच पुढे जाते.

इथे एक गोम आहे, ती चांगल्या फिटरलाही चकवते. दात विषम असल्यामुळे एकच दात बुशला ढकलायचं काम एक फेरा सोडून करतो. म्हणजे एकच दात तुटला असेल तर आवाज 2 मीटरवर नाही, 4 मीटरवर येतो. खुणा 4 मीटरवर असतील तर फायनल ड्राइव्हला हात लावण्याआधी सगळे दात पुसून एकेक बघा.

दात बघताना आकारही बघा. टोकं सुरीसारखी झाली असतील तर स्प्रॉकेट वेगळं बदलून उपयोग नाही. पिच वाढलेल्या चेनवर नवं स्प्रॉकेट टाकलं तर चेन त्याला लगेच आपल्यासारखं करून घेते. झीज दाताच्या कोणत्या अंगाला आहे यावरूनही बरंच कळतं. मशीन पुढे जाताना ओढ चेनच्या खालच्या बाजूला असते. रिव्हर्समध्ये ती स्प्रॉकेटच्या वरून, आयडलरला वळसा घालून खाली येते, म्हणजे चेनचे जास्त सांधे ताणाखाली वाकतात. लांब रिव्हर्स मारणारा ऑपरेटर अंडरकॅरेज लवकर संपवतो तो यामुळे. दाताचं रिव्हर्सचं अंग जास्त खाल्लेलं दिसलं तर सुट्या भागांइतकंच चालवण्याच्या सवयीवर बोलायला हवं.

आता चेनचं माप. जुनी पिन स्प्रॉकेटच्या दात आणि चेनच्या मध्ये अडकवा, मशीन किंचित रिव्हर्स घ्या, वरची बाजू ताणली जाईल. इंजिन बंद करा. पाच पिनांच्या केंद्रांमधलं, म्हणजे चार पिचचं, अंतर मोजा. मास्टर पिन, म्हणजे चेन जोडायची-उघडायची पिन, त्यात येऊ देऊ नका. नव्या चेनला हे 760 ते 762 मिलिमीटर येतं. एका पिचमागे 3 ते 4 मिलिमीटर वाढ, म्हणजे चार पिचला 12 ते 16, ही बहुतेक वीस टनी मशीनची शेवटाकडची खूण. नेमकी मर्यादा पुस्तकातून घ्या. वाढ छोटी वाटते, पण 49 लिंकांना 3 मिलिमीटरने गुणलं तर 147 मिलिमीटर होतात आणि आयडलरला त्याच्या निम्मं, सात सेंटिमीटरहून जास्त पुढे जावं लागतं. ॲडजस्टरचा स्ट्रोक असा संपतो. मग एक लिंक काढून चेन आखूड करण्याचा उपाय सुचवला जातो. माझा त्याला विरोध आहे. लांबी कमी होते, पिच वाढलेला तसाच राहतो आणि प्रत्येक बुश दातावर चढत राहतो. चेन घट्ट दिसते आणि आतून स्प्रॉकेट खात राहते. याउलट बुश एकाच अंगाने झिजला असेल आणि लिंकच्या धावेत उंची शिल्लक असेल तर पिन-बुश प्रेसवर अर्धा फेरा फिरवून घेणं हा खरा उपाय आहे. तो बुश फुटायच्या आत करायचा असतो.

ढिलेपणा बरोबर, पिच मर्यादेत आणि तरीही डावी चेन उतरते असं निघालं तर समोर बसा. आयडलरच्या पुढे, जमिनीलगत डोळा ठेवून चेन फ्रेमवर सरळ जाते का ते बघा, अर्थात इंजिन बंद ठेवून. पिन-बुश आडवे झिजलेली चेन सापासारखी नागमोडी दिसते. आयडलरच्या मधल्या कडेला एकाच बाजूने धार आली असेल तर तो तिरका चालतोय: बाजूच्या गाइड प्लेट झिजल्यात किंवा फ्रेम वाकलीय. पहारेने आयडलर आडवा ढकलून बघा, हालचाल उजव्या बाजूशी ताडून बघा. रोलरच्या कडा आणि खालचे चेन गाइड संपले असले की उतारावर आडवं वळताना चेनला धरून ठेवणारं काहीच उरत नाही.

आता ओढण्याचं. इथेच मोटरवर सगळ्यात जास्त अन्याय होतो. वीस मीटर सरळ दोरी ताणा, थोडं आधीपासून चालत येऊन तिच्या बाजूने मशीन न्या आणि शेवटी किती सरकलं ते मोजा. पुढे आणि मागे, कमी स्पीड आणि जास्त स्पीड, अशा चार वेळा. मग एकेक चेन उचलून, एका शूवर रंग लावून, तीन फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते दोन्ही बाजूंना मोजा. फक्त जास्त स्पीडला ओढत असेल तर एका मोटरचा टू-स्पीड बदलत नाहीये. फक्त पुढे जातानाच ओढत असेल आणि रिव्हर्स सरळ असेल तर मोटर झिजल्याची शक्यता कमी, त्या दिशेचा रिलीफ व्हॉल्व्ह (दाब मर्यादेत ठेवणारा), काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह (उतारावर वेग आवरणारा) किंवा पायलट लाइन (लिव्हरचा इशारा नेणारी) बघायची. नुसतं चालताना सरळ आणि बूम हलवली की वाकडं, तर स्ट्रेट ट्रॅव्हल व्हॉल्व्ह, म्हणजे इतर काम चालू असतानाही दोन्ही चेनना सारखं तेल देणारा व्हॉल्व्ह. गार असताना ठीक आणि तेल तापलं की ढिलं, तर तेल आतल्या आत गळतंय.

दोन्ही दिशांना, दोन्ही स्पीडला डावी मागे पडत असेल तर आधी यांत्रिक अडथळा काढून टाका. माझ्या हातून एकदा हे राहिलं होतं. मशीन उजवीकडे ओढत होतं, मी सरळ ट्रॅव्हल मोटर उतरवली, खोलली, सगळं ठणठणीत. दोन दिवस गेले. परत बसवून चालवून बघताना जळकट वास आला. मागचे तीन खालचे रोलर मातीत दगडासारखे बसलेले, म्हणजे जाम झालेले, वर पाणी शिंपडलं तर चर्र झालं. त्यातल्या एकावर तळहाताएवढी सपाट जागा घासून पडली होती. तेव्हापासून कुठल्याही ओढण्याच्या तक्रारीत मी अर्धा तास मशीन चालवतो आणि प्रत्येक रोलर, आयडलर, दोन्ही फायनल ड्राइव्ह यांचं तापमान पाटीवर लिहून काढतो. शेजाऱ्यांपेक्षा जो स्पष्ट गरम, तो दोषी. टॉप रोलर तर बघूनच कळतो, चेन फिरते आणि तो फिरत नाही.

दोन्ही बाजूंच्या ट्रॅव्हल प्रेशरची तुलनाही करा. चेन उचलून मोकळी फिरवताना हळू बाजूचं प्रेशर जास्त असेल तर काहीतरी अडतंय: रोलर, माती, पूर्ण न सुटलेला पार्किंग ब्रेक. प्रेशर जास्त नाही आणि तरी वेग कमी, तर तेल पोचत नाही किंवा वाटेत पळतंय.

तेलाची बाजू ठरली की होज अदलाबदलीची चाचणी करा. बकेट जमिनीवर, इंजिन बंद, तेल गार, लिव्हर हलवून दाब सोडलेला, टाकीचं झाकण सावकाश उघडलेलं. सेंटर जॉइंट, म्हणजे फिरत्या वरच्या भागातून खाली तेल नेणारा सांधा, त्याच्या वरच्या बाजूचे डाव्या-उजव्या ट्रॅव्हलचे होज एकमेकांत बदला, पुढचा पुढच्याशी, मागचा मागच्याशी. चारी होजना आधी खुणा करा आणि उघडी तोंडं झाका. आता डाव्या पेडलला उजवी चेन फिरेल, हे ऑपरेटरला सांगून ठेवा. दोष उजव्या चेनवर गेला तर तो वर आहे: पंप, मेन व्हॉल्व्ह किंवा पायलट. डावीकडेच राहिला तर होज पूर्ववत करा आणि हीच अदलाबदल सेंटर जॉइंटच्या खाली करा. आता दोष उजवीकडे गेला तर सेंटर जॉइंटची सीलं. तरीही डावीकडेच राहिला तर मोटर किंवा फायनल ड्राइव्ह. त्यानंतर स्प्रॉकेट अडवून दोन्ही मोटरांच्या ड्रेन लाइनचं, म्हणजे मोटरमधून गळून टाकीकडे परतणारं, तेल ठरावीक वेळ मापात काढा. डावीचं तेल पुस्तकातल्या मर्यादेबाहेर आलं की मगच मोटर उतरवा.

फायनल ड्राइव्हचं तेल यात विसरू नका. प्लग उघडल्यावर तेल पातळ, गरजेपेक्षा जास्त आणि हायड्रॉलिक तेलाच्या वासाचं निघालं तर मोटरचं शाफ्ट सील फुटून तेल आत आलंय. नुसतं सील बदललं तर ते पुन्हा फुटतं, कारण बऱ्याचदा ड्रेन लाइन किंवा तिचा फिल्टर तुंबलेला असतो. दुधाळ तेल म्हणजे पाणी. चुंबकावर काळी मऊ पेस्ट चालते, पापुद्रे आणि टोकदार तुकडे चालत नाहीत. स्प्रॉकेटच्या मागे तार गुंडाळली गेली असेल तर फ्लोटिंग सील तिनेच कापलेलं असतं, ती आधी काढा.

तुमच्या तक्रारी एकत्र ठेवल्या तर माझा पहिला संशय डाव्या ॲडजस्टरवर आणि डाव्या बाजूच्या एक-दोन बसलेल्या रोलरांवर आहे. ढिली चेन वळताना उतरते, दातावरून उडी मारताना ‘खट्’ करते आणि बसलेला रोलर ती बाजू मागे खेचतो. खुणा 19 सेंटिमीटरवर आल्या आणि चार पिच 775 च्या वर गेले तर मात्र त्या बाजूची चेन आणि स्प्रॉकेट एकत्र बदलावं लागेल, आणि उजवीही मोजूनच ठरवायची. 6,400 तासांत दोन्ही बाजू सारख्या झिजतातच असं नाही, विशेषतः ऑपरेटर नेहमी एकाच बाजूला वळत असेल तर.